पाणी झिरपू देणारी फरसबंदी आणि तिची खडी : प्रस्तावना

किनवट तालुक्यातले इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाकडचे गाव. जवळच सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या बेसाल्टवरून खाली कोसळते आणि पलीकडच्या काठापासून विदर्भ सुरू होतो. मराठवाडा म्हटला की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोरडे शिवार उभे राहते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले लातूर त्याने वर्तमानपत्रात पाहिलेले असते. किनवटचा डोंगराळ, सागवानी पट्टा त्या चित्रात बसत नाही. इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस होतो. पण बेसाल्टच्या उतारावर मातीचा थर पातळ. पडलेले पाणी ओढ्याला आणि ओढ्यातून पैनगंगेला लागायला फार वेळ घेत नाही, आणि उन्हाळा लागला की हातपंपाचा दांडा जड होतो.

या वाहून जाण्याला आपणही हातभार लावला आहे. वित्त आयोगाचा निधी आला की गावात पहिले काम निघते ते सीसी रोडचे, नाहीतर गट्टू बसवण्याचे. चिखल जातो, म्हातारी माणसे पावसाळ्यातही घराबाहेर पडतात, शाळेच्या आवारात मुले घसरत नाहीत. हा फायदा खरा आहे आणि तो कमी लेखून कोणी या विषयात पाऊल टाकू नये. मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट झाले की गल्लीतले पाणी गल्लीत मुरत नाही. सगळे एकदम नालीत येते, नाली तुंबते आणि दर कामाला थोडा थोडा उंच होत गेलेल्या रस्त्यावरून ते खालच्या घरांच्या उंबऱ्यात शिरते. चिखल नको आणि पाणीही गावातच मुरावे, ही गावाची मागणी रास्त आहे. ती पुरी करू शकणारे एक साधन म्हणजे सच्छिद्र काँक्रीट. या पुस्तकाचा विषय त्या काँक्रीटमधली खडी हा आहे, आणि तीही खदानीतून ताजी फोडून न आणलेली खडी.

नेहमीच्या काँक्रीटमध्ये वाळू-सिमेंटचा मसाला खडीमधल्या सगळ्या फटी भरून काढतो. सच्छिद्र काँक्रीटमध्ये वाळू जवळजवळ घालतच नाहीत. साधारण एकाच मापाच्या बारीक खडीवर सिमेंटचा पातळ लेप चढतो आणि खडे जिथे एकमेकांना टेकतात तेवढ्याच जागी चिकटतात. मुरमुऱ्याच्या लाडवात गुळाचा पाक करतो तेच काम इथे सिमेंट करते. बाकीची जागा मोकळी राहते. ही पोकळी बहुधा १५ ते २५ टक्के असते आणि ती आतून एकमेकींना जोडलेली असते, म्हणून वरचे पाणी तळापर्यंत पोचते. नेहमीच्या काँक्रीटचा घनमीटर २,४०० किलोच्या आसपास भरतो, याचा १,६०० ते २,००० किलो. दाब सोसण्याची ताकद ३.५ पासून २८ मेगापास्कलपर्यंत कुठेही पडू शकते. व्यवहारात १७ च्या आसपास धरून चालतात. एवढा मोठा पल्ला का, याचे उत्तर निम्मे खडीत आहे आणि निम्मे माणसाच्या हातात.

या विषयाकडे नव्याने येणाऱ्याला वाटते की आधी सच्छिद्र काँक्रीट आले, ते रुळले आणि मग पर्यावरणाचा विचार सुरू झाल्यावर कोणीतरी त्यात टाकाऊ माल घालून पाहिला. इतिहास असा नाही. १८५२ साली इंग्लंडमध्ये या काँक्रीटची दोन घरे बांधली गेल्याची नोंद आहे. त्यानंतर बराच काळ ते विस्मरणात गेले. १९२३ मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरोत त्याची पन्नास दुमजली घरे उभी राहिली, आणि त्यांत वापरलेली खडी होती भट्टीतल्या कोळशाच्या जळक्या खंगराची. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या उद्ध्वस्त शहरांत विटांचे डोंगर पडले होते. ते कुठे टाकायचे, या अडचणीतून तिथे या काँक्रीटच्या गुणधर्मांचा अभ्यास पुढे गेला. फरसबंदीसाठी त्याचा वापर पुष्कळ नंतरचा. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तो १९७० च्या दशकात वाढला. म्हणजे टाकाऊ मालाची खडी या विषयाच्या पायातच आहे. मळका दगड, फुटकी वीट, जळका कोळसा यांच्याशी झटूनच हे काँक्रीट मोठे झाले. इस्लापूरच्या विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावे, कारण आपण कुठल्या तरी दुय्यम, गरिबांच्या पर्यायावर काम करतो आहोत असे त्याला कधी वाटू नये.

आपल्याकडेही नियमांचे दार उघडे आहे. वाळूविरहित काँक्रीटसाठी भारतीय मानक संस्थेची संहिता, आयएस १२७२७, १९८९ पासून आहे. खडीचे मूळ मानक आयएस ३८३. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटपासून केलेल्या खडीला मान्यता दिली: लोखंड न घातलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आणि एम १५ पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये पूर्ण. बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्र सरकारने स्वतंत्र नियमही २०१६ मध्येच केले. दिल्लीत बुराडीला २००९ मध्ये राडारोड्यातून खडी काढण्याचा कारखाना चालू झाला. आयआयटी तिरुपतीत सच्छिद्र काँक्रीटच्या फरसबंदीवर सातत्याने अभ्यास होत आला आहे. तेव्हा शाखा अभियंत्याने ‘हे नियमात बसत नाही’ असे म्हटले, तर त्याच्यापुढे आदराने ही दोन मानके ठेवावीत.

आता आपल्या परिसरात काय काय पडून आहे ते पाहू. इस्लापुरात खडीसाठी काळ्या पाषाणाची वानवा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. बंगालच्या सपाट भागात आणि बांगलादेशात दगड दुर्मीळ, म्हणून तिथे पिढ्यान्‌पिढ्या भाजलेल्या विटा फोडून काँक्रीटची खडी करतात. तिथल्या गवंड्याला आपल्या बेसाल्टचे अप्रूप वाटेल. नांदेड जिल्ह्याच्याच दक्षिणेला देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो. आपल्याकडच्या बेसाल्टमध्येही सगळा दगड सारखा नाही. विहीर खोदणाऱ्यांना हा भेद चांगला ठाऊक असतो: घट्ट काळा पाषाण वेगळा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा, बुडबुड्यांच्या भोकांचा मांजऱ्या वेगळा. मांजऱ्या पाणी जास्त पितो आणि लवकर फुटतो. खदानीवर तो बाजूला पडतो, आणि हलक्या कामाची खडी म्हणून पहिल्यांदा तपासून पाहावा असा माल तोच आहे.

दुसरा माल जुन्या सिमेंटचा. जल जीवन मिशनच्या पाइपलाइनसाठी गावोगाव सीसी रोड मधोमध फोडले गेले आणि त्यांचे ढपले नालीच्या कडेला किंवा गावाबाहेर जाऊन पडले. हे ढपले फोडले की मिळणारी खडी मुळात बेसाल्टचीच असते; फक्त तिच्या अंगाला जुना मसाला चिकटलेला असतो. त्या मसाल्यामुळे ती वजनात हलकी भरते आणि ताज्या खडीच्या कित्येक पट पाणी पिते. घट्ट बेसाल्ट फार तर एक-दोन टक्के पाणी घेतो, जुन्या काँक्रीटची खडी तीन ते आठ टक्के, आणि वीट दहा ते वीस टक्के. ही उतरंड पाठ करून ठेवण्यासारखी आहे, कारण सच्छिद्र काँक्रीटमध्ये पाणी मुळात फार थोडे असते. सिमेंटच्या वजनाच्या २७ ते ३४ टक्के, बस्स. कोरडी वीट त्यातलेच पाणी ओढून घेते आणि लेप चिकटण्याआधीच भुगा होतो.

विटांचे काय करायचे हे आपल्या गवंड्यांना कोणी शिकवायला नको. गच्ची गळू नये म्हणून विटांच्या रोड्यांचा कोबा करणारा गवंडी रोडे आदल्या रात्री हौदात टाकून ठेवतो. सकाळी पाण्यावर बुडबुडे येणे थांबलेले असते, रोडा हातात घेतला की गार आणि जड लागतो, आणि वरचे पाणी निथळले की मगच तो कामाला घेतात. नेमके हेच सच्छिद्र काँक्रीटमध्ये करायचे असते: आतून भिजलेली, वरून कोरडी खडी. कोब्यात पाणी अडवायचे असते आणि इथे सोडायचे, पण विटेला सांभाळण्याची रीत एकच. वीटभट्टीवर जास्त भाजून काळपट, वेडावाकडा झालेला खंगर बांधकामाला कोणी घेत नाही. खडी म्हणून मात्र तो साध्या विटेपेक्षा सरस, कारण भाजून काचेसारखा घट्ट झाल्याने तो पाणी कमी पितो आणि ओलाव्यात मऊ पडत नाही. घरकुल मंजूर झाल्यावर उतरवलेल्या छपराचे कवेलू हा आणखी एक साठा. त्यांची अडचण आकाराची आहे. कवेलू फोडले की चपटे तुकडे पडतात, ते एकावर एक निजतात आणि पाण्याची वाट बंद करतात. म्हणून ते एकटे वापरू नयेत, गोलसर खडीत थोडे मिसळावेत.

परळीच्या औष्णिक केंद्राची राख आणि साखर कारखान्यांच्या बगॅसची राख यांवर बरेच लिहिले गेले आहे. मी इथे त्यांच्यावरून भराभर पुढे जातो. ती राख नांदेड ओलांडून इस्लापूरपर्यंत ट्रकने आणायची तर डिझेलच इतके जळेल की ताज्या बेसाल्टला नावे ठेवायला तोंड उरणार नाही. शिवाय औष्णिक राखेतून जड धातू पाण्यात उतरू शकतात, आणि आपण तर ते पाणी मुद्दाम जमिनीत सोडणार आहोत. पिण्याच्या विहिरीजवळ असा माल प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय घालू नये, हे मी ठामपणे सांगतो.

राडारोडा म्हणजे सरसकट खडी नव्हे, याचे उदाहरण मराठवाड्याला जवळचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे कोसळली. माणसे गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांच्या ओझ्याखाली. नंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. तसल्या घराच्या ढिगाऱ्यात दगड उत्तम बेसाल्ट असतो, पण त्याच्याभोवती भिंतीची आणि माळवदाची माती घट्ट बसलेली असते. मानकानुसार जाड खडीत मातीच्या गोळ्यांना १ टक्क्यापर्यंतच मुभा आहे. दगड धुवायला पाणी नसेल तर तो ढीग काँक्रीटसाठी विसरावा. त्यातला दगड बांधाला, पिचिंगला कामी येतो, तेही काही वाया जाणे नव्हे. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तुकडेही वेचून काढावेत. त्यातला जिप्सम सिमेंटला आतून फुगवतो.

आता या विषयाचा गाभा. कमी ताकदीची खडी घेऊन टिकाऊ फरसबंदी होईल का, असे कोणीही विचारील. उत्तरासाठी आधी पाण्याचा हिशोब करावा लागतो. पाणी झिरपण्याची चाचणी अगदी साधी आहे. ३०० मिलिमीटर व्यासाचे कडे फरसबंदीवर ठेवायचे, खालची फट पुट्टीने बंद करायची, पृष्ठभाग थोडा भिजवून घ्यायचा आणि मग १८ लिटर पाणी सावकाश ओतत, कड्यात बोटभराहून जास्त उभे राहू न देता, ते जिरायला किती वेळ लागतो हे घड्याळावर पाहायचे. तेवढ्या वर्तुळात १८ लिटर म्हणजे सुमारे २५ सेंटीमीटर उंचीचे पाणी. चांगल्या नव्या सच्छिद्र काँक्रीटमध्ये ते वीस सेकंद ते तीन मिनिटांत जाते. समजा धूळ बसून फरसबंदी मंदावली आणि अर्धा तास लागला, तरी तो वेग ताशी ५०० मिलिमीटरचा होतो. हवामान खाते ढगफुटी म्हणते ती ताशी १०० मिलिमीटरला. म्हणजे पाणी सोडण्याची क्षमता आपल्याकडे गरजेच्या कित्येक पट शिल्लक आहे. ही शिल्लक खर्च करून ताकद विकत घेता येते: पोकळी २५ ऐवजी १७-१८ टक्के ठेवावी, लेप जरा जाड द्यावा, खडी थोडी बारीक घ्यावी. कमजोर खडीने गेलेली ताकद अशी बरीचशी परत मिळते.

बरीचशी, सगळी नाही. प्रयोगशाळेत फोडलेला ठोकळा हातात घेऊन त्याचा तुटलेला भाग नीट पाहावा. बेसाल्टच्या ठोकळ्यात खडे अख्खे राहिलेले दिसतात. काही उभे, काही निघून गेलेले आणि मागे त्यांच्या मापाच्या खळग्या. तुटली ती खड्यांमधली सिमेंटची सांधणी. विटेच्या ठोकळ्यात चीर सरळ विटेतून गेलेली असते, लाल सपाट कापे चमकतात, सांधा तसाच धरून असतो. पहिल्या ठोकळ्याला सिमेंट सुधारून अजून वर नेता येते. दुसऱ्याला तिथेच मर्यादा आली. हे कापे वाचायला शिकलेला विद्यार्थी चार तक्ते न पाहताही सांगू शकतो की या खडीवर सिमेंट आणखी ओतण्यात अर्थ नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ठोकळे फोडायचे यंत्र असते. फुटलेले तुकडे फेकण्याआधी ते पाहण्याची सवय तेवढी लावून घ्यावी.

यातून कामांची वाटणी आपोआप ठरते. शाळेचे आवार, अंगणवाडीचे अंगण, बसथांब्यामागची मोकळी जागा, आठवडी बाजारातले पायवाटांचे पट्टे, मोटारसायकली उभ्या करायची जागा, इथे विटांची आणि जुन्या काँक्रीटची खडी चालेल. उसाचा ट्रॅक्टर, विटांचा ट्रक, एसटी जिथून वळते तिथे ती घालू नये; तिथे बेसाल्टसुद्धा सच्छिद्र स्वरूपात जपून वापरावा. आणि टाकाऊ खडीची सगळ्यात निर्धास्त जागा फरशीच्या खाली आहे. सच्छिद्र फरशीखाली जाड दगडांचा पाणी साठवणारा थर देतात. २०० मिलिमीटरच्या थरात ४० टक्के पोकळी धरली तर ८० मिलिमीटर पाऊस मावतो. वरच्या १५० मिलिमीटर काँक्रीटमध्ये २० टक्क्यांनी आणखी ३०. या खालच्या थराला टायरची घासणी नाही, ऊन नाही. खंगर आणि सीसी रोडचे ढपले पहिल्यांदा इथेच वापरून पाहावेत, असे माझे मत आहे.

थराच्या खाली मात्र आपली काळी माती बसलेली आहे, आणि परदेशी ग्रंथ इथे आपला हात सोडतात. त्यांची पानेच्या पाने गोठणाऱ्या पाण्याने काँक्रीट कसे फुटते यावर गेली आहेत. इस्लापूरला त्याची चिंता नाही. आपली अडचण अशी की काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, आणि एकदा फुगली की पाणी जवळजवळ घेतच नाही. वरून सोडलेले पाणी तिच्यावर साचते, ती आणखी फुगते आणि फरशी उचलते. गोदाकाठच्या खोल काळ्या रानात सच्छिद्र फरसबंदी करायची तर खाली भोकांचा पाइप टाकून पाणी शोषखड्ड्यात किंवा विहिरीच्या पुनर्भरणाला नेलेच पाहिजे. इस्लापूरच्या डोंगरउतारावर बऱ्याच ठिकाणी थोडे खणले की मुरूम लागतो. काळी माती तेवढी काढून टाकली तर पाणी मुरमात उतरते. त्यामुळे या तंत्राला नांदेड शहरापेक्षा हा दुर्लक्षित पट्टा अधिक अनुकूल आहे, असे मी म्हणेन. उतार जास्त असेल तर खालच्या थरात जागोजागी आडवे बांध घालावेत, नाहीतर सगळे पाणी फरशीच्या पोटातून पळत खालच्या टोकाला फुटेल.

काळ्या मातीचा दुसरा उपद्रव वरून होतो. पावसाळ्यात वावरातून आलेल्या ट्रॅक्टरच्या टायरला किलोकिलोने माती चिकटलेली असते. ती सच्छिद्र फरशीवर एकदा पसरली की छिद्रे लिंपली जातात. म्हणून जागा निवडताना वरच्या बाजूचे शेतपाणी फरशीवर येणार नाही हे आधी पाहावे, आणि मृगाच्या आधी एकदा तरी खराट्याने व जोराच्या पाण्याने फरशी धुवावी. ग्रामपंचायतीने एवढ्या देखभालीची जबाबदारी ठरावात घेतली नसेल तर काम सुरूच करू नये.

प्रत्यक्ष कामाबद्दल दोनच गोष्टी इथे सांगतो, बाकी पुढील प्रकरणांत आहे. मिक्सरमधला माल मूठभर घेऊन दाबावा. मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर पाणी कमी. गोळा टिकला पण बोटांच्या फटींतून सिमेंटचा ओघळ आला तर जास्त, तो ओघळ तळाशी जाऊन फरशी बंद करील. गोळा टिकावा, खडे ओलसर चमकावेत आणि हात फक्त माखावा. दुसरी गोष्ट उन्हाची. पाणी थोडे आणि हवा आरपार, त्यामुळे हे काँक्रीट फार लवकर सुकते. टाकल्यावर वीस मिनिटांच्या आत प्लास्टिकच्या कागदाने झाकले पाहिजे आणि निदान सात दिवस झाकलेले राहिले पाहिजे. एप्रिल-मेच्या भर दुपारी हे काम काढणाऱ्या ठेकेदाराला सरपंचांनी नम्रपणे थांबवावे.

एक अतिशयोक्ती मात्र टाळावी. पर्यायी खडीने सिमेंट वाचत नाही. घनमीटरला २७० ते ४१५ किलो सिमेंट इथेही लागते. वाचतो तो डोंगराचा दगड, वाळू आणि राडारोडा टाकायची जागा. मिळते ते जमिनीत उतरलेले पाणी. एवढे पुरेसे आहे, आणि जिथे माल गावापासून लांबून आणावा लागतो तिथे तेही उरत नाही.

पदविकेचा विद्यार्थी, गवंडी, ग्रामसेवक, सरपंच, जो कोणी हे पुस्तक उघडेल त्याचे या क्षेत्रात मनापासून स्वागत. सुरुवातीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक चाळणी, एक वजनकाटा, एक बादली आणि ३०० मिलिमीटरचे एक कडे जमवा. गावातली प्रत्येक खडी चाळून, भिजवून, तोलून पाहा. वहीत लिहून ठेवा: खडी कुठून आली, किती पाणी प्यायली, ठोकळा खडीतून फुटला की सांध्यातून, खाली मुरूम होता की काळी माती, आणि पहिल्या व तिसऱ्या पावसाळ्यानंतर कड्यातले पाणी किती वेळात जिरले. मराठवाड्याच्या मातीवरच्या अशा नोंदींची या विषयाला सगळ्यात जास्त गरज आहे. त्या तुम्ही करा आणि एकमेकांना दाखवा.